सायकलकट्टा: भोर, वाई, मेढा आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात कृष्णाकाठच्या सायकल ट्रिपबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण बरेच प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, त्यामुळे एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्यालाही चालेल.

प्रश्न: आम्ही तिघं मित्र, चाळिशीतले, रविवारी ५०-६० किमी मारतो. पुणे-भोर-मांढरदेवी-वाई-महाबळेश्वर-सातारा शनिवार-रविवारमध्ये बसवायचंय. रोजचे १०० धरले तर जमेल ना? (डोंबिवली)

बसवता येईल हो, पण मग ट्रिपमध्ये काय बघितलं असं कोणी विचारलं तर पुढच्याचं मागचं चाक एवढंच सांगता येईल. मीपण पहिल्यांदा असंच केलं होतं. वाईत दुपारी तीनला पोचलो, उसाचा रस प्यालो, ढोल्या गणपतीला रस्त्यावरूनच नमस्कार केला आणि अंधार पडायच्या आत वाई-पाचगणीमधला पसरणी घाट चढायचा म्हणून सुटलो, आजही त्याची लाज वाटते.

पाच दिवस काढा. नाहीच जमलं तर चार, पण मग मार्ग छाटा, दिवसाचे किमी वाढवू नका. पहिल्या दिवशी पुणे ते भोर, पन्नासच्या आसपास. नव्या बोगद्याच्या वाटेला जाऊ नका, जुन्या कात्रज घाटाने उतरा, मग हायवेच्या कडेकडेने कापूरहोळ आणि तिथून उजवीकडे वळलात की ट्रकांचा आवाज एकदम मागे पडतो. त्याआधी नसरापूरला बनेश्वरला थांबा. तिथल्या घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ साल कोरलंय. ही घंटा लक्षात ठेवा, तिची बहीण पुढे भेटणारे.

दुसऱ्या दिवशी भोरहून मांढरदेवीमार्गे वाई. अंतर चाळीसच्या आतबाहेर, पण सगळ्या ट्रिपमधला हाच दिवस पाय मोडतो, मला तर हा घाट पसरणीपेक्षा खडा वाटतो. पौषात मांढरदेवीला काळूबाईची यात्रा असते, त्या दिवसांत या रस्त्याला सायकल घालूच नका.

तिसरा दिवस वाईत, आणि इथे माझा हट्ट आहे. सामान खोलीवर टाका, रिकामी सायकल काढा आणि सकाळी सातला मेणवलीला जा, जेमतेम तीन किमी. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि घाटावर टांगलेली ती दुसरी घंटा, १७०७ सालची, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. १७३९ला चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि अशा गावोगावच्या देवळांत गेल्या. दोन दिवसांपूर्वी बनेश्वरला बघितलेली आठवते आणि मधला सगळा मांढरदेवीचा घाट पायांत असतो, त्यामुळे गाडीतून उतरून फोटो काढणाऱ्यापेक्षा आपल्याला ती घंटा जरा जास्त जड वाटते. कोकणातून इथवर कशी आणली असेल हा विचार मला तरी सायकलवरच सुचला.

तिथून धोमला, नरसिंहाचं देऊळ बघा, धरणाच्या भिंतीखालून परत या. दुपारी वाईत ढोल्या गणपती. गणपतराव रास्त्यांनी १७६२ला बांधलेलं हे देऊळ मागच्या बाजूने जाऊन बघाच, मागची भिंत माशासारखी निमुळती केलीये म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी दोन्हीकडे फाकतं. समोरून दर्शन घेऊन गेलेल्यांना हे दिसतच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर आसपास हळद शिजवण्याचा वास असतो, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, फक्त हळू चालवावी लागते.

चौथ्या दिवशी पसरणी घाट चढून पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर, पाचव्या दिवशी केळघर घाट उतरून मेढ्यावरून सातारा. महाबळेश्वरात पॉइंट बघत फिरू नका, क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात जा. गेले दोन दिवस जिच्या काठाने फिरलो ती कृष्णा आणि उद्या जिच्या खोऱ्यातून उतरायचंय ती वेण्णा, दोघींचा उगम तिथलाच मानतात.

प्रश्न: वय ६२, साधी बिनगियरची काळी सायकल, रोज २० किमी चालवतो. पसरणी चढेन का? मुलगा म्हणतो गियरची घ्या. (सांगली)

काका, सायकल आणि तुम्ही दोघंही ठणठणीत दिसताय, पण हिशोब बघा. वाई ते पाचगणी बारा किमीच्या आसपास आणि चढ साधारण पावणेसहाशे मीटर, म्हणजे दर शंभर मीटरला पाचेक मीटर वर. तुमच्या सायकलच्या पुढच्या चक्राला (पायडलजवळच्या) ४४ आणि मागच्याला १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटरच्या वर पुढे जाते. घाटात ताशी सातने चाललात तर मिनिटाला फक्त बावीस-तेवीस फेरे, म्हणजे प्रत्येक फेरा जिना चढल्यासारखा, सगळा भार गुडघ्यावर. गियरच्या सायकलला पुढे ३४ मागे ३२ असेल तर त्याच वेगाला पन्नासच्या वर फेरे पडतात, पाय हलके फिरतात आणि दम छातीला लागतो, गुडघ्याला नाही. मुलाचं बरोबर आहे, पण नवीन घेण्याआधी भाड्याने आणून एक घाट करून बघा.

आणि खरं सांगू का, तुम्हाला घाट लागतोच कशाला? सांगलीहून रेल्वेने साताऱ्याला उतरा. स्टेशन गावात नाही, माहुलीच्या अंगाला आहे, ते आपल्या पथ्यावरच पडतं. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं देऊळ, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. मग लिंबला बारा मोटेची विहीर, अष्टकोनी, आत चक्क महाल, वर बारा मोटा (बैलांनी पाणी ओढायच्या चामड्याच्या पिशव्या) चालायची सोय, विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४मध्ये बांधून घेतलेली. पुढे पाचवडवरून वाई आणि मेणवली. हायवेचा तुकडा सर्व्हिस रोडने काढा. काळ्या सायकलवर दोन दिवसांत निवांत होतं, आणि लिंबच्या विहिरीवर तुमच्या सायकलचेच फोटो जास्त निघतील.

प्रश्न: चढायची भीती नाही, उतरायची वाटते. मागच्या वर्षी उतारावर ट्यूब फुटली, दुकानदार म्हणाला टायर जुना होता. पण टायर नवा होता! (नाशिक)

ताई, टायरला दोष देऊ नका, रिमब्रेकवाली सायकल असणार आणि तुम्ही पूर्ण उतार ब्रेक हलकेच दाबून धरला असणार. भीती वाटली की सगळेच असं करतात, मीपण केलंय, केळघरच्या निम्म्यात मागच्या चाकाने फाट् असा आवाज केला तेव्हा मला फटाकाच वाटला. ब्रेकपॅड रिमवर सतत घासत राहिले की रिम तापतो, आतली हवा तापते, ट्यूब जाते. त्यात कॅरियरला दहा किलो सामान असलं की अजून लवकर.

उपाय साधा. दोन्ही ब्रेक एकदम, जोरात, थोडा वेळ आणि मग पूर्ण सोडायचे, म्हणजे रिमला वारा लागतो. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळणाच्या कडेला खडी साठलेली असते, तिच्यावर ब्रेक मारला की गेलोच. अंग मागे सरकवून बसा, कोपर सैल. दर तीन-चार किमीला थांबा, व्ह्यू बघायचं नाटक करा. निघायच्या आधी पॅड बघा, झिजलेले असले तर बदला, दीडशे-दोनशे रुपयांत घाट वाचवू नका. डिस्कब्रेकवाल्यांची ट्यूब अशी जात नाही, पण थांबल्यावर कौतुकाने डिस्कला बोट लावू नका, भाजतं, हे पण अनुभवाचे बोल.

आणि एसटी समोरून वळणावर आली की ती आपली लेन घेतेच असं धरून चालायचं. ती घेत नसली तर आनंद.

प्रश्न: दोघी मैत्रिणी जाणार, राहण्याचं आणि बाथरूमचं काय? (कोल्हापूर)

भोर, वाई, पाचगणी, महाबळेश्वर सगळीकडे लॉज आहेत, आधी फोन करून सायकल आत ठेवू देणार का ते विचारा, खोलीचं भाडं नंतर. मधल्या पट्ट्यात मेढा सोडलं तर मोठं गाव कमी, म्हणून सकाळी निघताना सगळं उरकून निघा. गावात शाळा किंवा अंगणवाडीसमोर थांबलात तर तिथल्या बायका घरात नेतात, चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत, माझ्या बायकोला दोनदा भाकरी बांधून दिलीये, मला एकदाही नाही. अंधार पडल्यावर घाटात नको, हे दोघींनाच नाही, सगळ्यांनाच.

प्रश्न: पावसाळ्यात गेलं तर? (ठाणे)

हिरवं बघायची हौस कळते, पण घाटात धुकं आलं की पुढचा माणूस दिसत नाही आणि मागच्या गाडीला तुम्ही दिसत नाही, दरडी येतात त्या वेगळ्याच. ऑक्टोबर शेवट ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडून, तेव्हा पसरणीत गाड्यांच्या धुरातूनच चढावं लागतं.

प्रश्न: परतीला सायकल रेल्वेत टाकता येते का? एसटीच्या टपावर? (पुणे)

रेल्वेत येते, पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये. गाडीच्या वेळेच्या बरंच आधी जा, ओळखपत्र आणि झेरॉक्स ठेवा, आरसा, दिवा, बाटली काढून घ्या, हँडलला नाव आणि फोन नंबर बांधा. मधल्या स्टेशनवर गाडी कमी थांबते त्यामुळे चढवायला नाहीच म्हणू शकतात, तो धोका धरूनच तिकीट काढा. नव्या एसटींना टपावर कॅरियर फारसा दिसत नाही, सगळं कंडक्टरच्या मर्जीवर.

प्रश्न: पसरणी घाटात माकडं त्रास देतात का? (बोरिवली)

सायकलवाल्याला नाही, हँडलला लटकवलेल्या केळ्यांना देतात. खायचं ते पॅनियरच्या (कॅरियरला अडकवायच्या पिशवीच्या) आत, चेन लावून. माझी चिक्की गेलीये.