'स्टीम अ‍ॅडमिन' डिस्कॉर्डवर मेसेज करतोय, तो खरा की खोटा कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय की भाच्याला डिस्कॉर्डवर (गेम खेळणाऱ्यांच्या चॅट अ‍ॅपवर) कुणीतरी म्हणालं, 'चुकून तुझं अकाउंट रिपोर्ट केलं, आता या अ‍ॅडमिनशी बोल', आणि त्याचं स्टीम गार्ड चालू आहे. (स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान; गार्ड म्हणजे पासवर्डनंतर कोड किंवा फोनवर मंजुरी मागणारं त्याचं दुसरं कुलूप.)

अ‍ॅडमिन खोटाच आहे. यात ओळखण्यासारखं काही नाही. स्टीमचा सपोर्ट डिस्कॉर्डवर बोलत नाही, स्टीमच्या स्वतःच्या चॅटमध्येही बोलत नाही. काही असेल तर ते हेल्प डॉट स्टीमपॉवर्ड डॉट कॉमवर, तुमच्या तिकिटात, म्हणजे सपोर्टकडे नोंदवलेल्या तक्रारीत दिसतं. त्याची प्रोफाइल किती जुनी, बॅज कोणता, हे तपासत बसू नका. नाव आणि फोटो कुणालाही उचलता येतात.

मला खटकलं ते तुमचं 'गार्ड चालू आहे' हे वाक्य. गार्ड लावलं की झालं, आणि तरीही अकाउंट गेलं तर तो पोरगा बावळट, असं म्हणणाऱ्यांशी मी कित्येक वर्षं वाद घालतोय. गार्ड विचारतं, 'हे तूच करतोयस ना?' या फसवणुकीत मुलगा स्वतःच 'हो' म्हणतो. कुलूप शाबूत असतं, दार आतून उघडलेलं असतं.

हे कसं घडवून आणतात ते बघा. पहिला मेसेज बऱ्याचदा ओळखीच्या मित्राच्याच अकाउंटवरून येतो, कारण ते आधीच चोरलेलं असतं. समोरचा काहीच मागत नाही, उलट माफी मागतो: नाव सारखं होतं, चुकून तुझी तक्रार झाली. मग भाच्याच्या नावासकट 'बॅन होणार' असा स्क्रीनशॉट येतो. ब्राउझरमध्ये पानावरचा मजकूर बदलून तो पाच मिनिटांत तयार होतो. मग 'अ‍ॅडमिन' मुदत घालतो, अमुक वेळात पडताळणी नाही झाली तर सगळं जाईल. तिथून पुढे मागण्या ठरलेल्या: ईमेल बदल आणि आलेला कोड सांग, स्किन्स (गेममधल्या शस्त्रांची सजावट, जिला खरे पैसे मिळतात) 'तपासणीसाठी' मित्राकडे पाठव, गिफ्ट कार्ड घेऊन नंबर दे, पैसे परत मिळतील, किंवा हा क्यूआर स्कॅन कर.

क्यूआरचं नीट समजून घ्या. खोट्या साइटवरचा क्यूआर खरा असतो. चोराच्या कॉम्प्युटरवर उघडलेल्या खऱ्या लॉगिन पानावरचा तो त्याच क्षणी तिथे आणून दाखवलेला असतो. भाच्याने फोनने स्कॅन करून मंजुरी दिली की लॉगिन होतं ते चोराच्या मशीनवर. पासवर्ड लागत नाही, दर 30 सेकंदांनी बदलणारा कोडही लागत नाही.

दुसरा प्रकार लॉगिनच्या खोट्या खिडकीचा. पत्त्याच्या पट्टीत बरोबर स्टीमकम्युनिटी डॉट कॉम दिसतं, हिरवं कुलूपही दिसतं, पण ती अख्खी खिडकी पानावर काढलेलं चित्र असतं. धरून ब्राउझरच्या बाहेर ओढायला जा, काठाशी अडकते. त्याहून सोपी खूण: त्याच ब्राउझरमध्ये तुम्ही आधीच स्टीममध्ये लॉगिन असाल तर खरं पान तुमचं नाव दाखवून फक्त एक बटण देतं. पुन्हा पासवर्ड मागितला की टॅब बंद करा.

आत शिरल्यावर चोर पासवर्ड बदलेलच असं नाही. तो एपीआय की (प्रोग्रॅमला अकाउंटपर्यंत पोहोचू देणारी चावी) बनवून, किंवा चोरलेल्या सेशनवरून, म्हणजे आधीच झालेल्या लॉगिनवरून, गप्प बसून नजर ठेवतो. भाच्याने कुणाला खरा ट्रेड (गेममधल्या वस्तूंची देवाणघेवाण) पाठवला की चोर तो रद्द करतो आणि त्याच नाव-फोटोच्या दुसऱ्या अकाउंटवरून तसाच ट्रेड समोर ठेवतो. म्हणून फोनवर मंजुरी देताना समोरच्याची लेव्हल आणि अकाउंट कधीपासूनचं आहे हे वाचायचं. नावाला काही अर्थ नाही.

काही दिलं गेलं असेल तर क्रम चुकवू नका. कुठली फाइल चालवली असेल ('माझा गेम ट्राय कर' म्हणून येते ती) तर त्या कॉम्प्युटरवरून काहीच करू नका, दुसरं मशीन घ्या. आधी ईमेलचा पासवर्ड, कारण रीसेट तिथेच येतं; मेल परस्पर पुढे पाठवण्याचा नियम कुणी लावलाय का तेही बघा. मग स्टीमचा पासवर्ड, मग सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट, मग स्टीमकम्युनिटीच्या एपीआय कीच्या पानावर की असेल तर ती रद्द. सपोर्टच्या तिकिटात जुन्या खरेदीचा पुरावा जोडा, बँक स्टेटमेंटमधली नोंद चालते.

स्किन्स काउंटर-स्ट्राइक 2च्या असतील तर 7 दिवसांच्या आत ट्रेड उलटवता येतात, ही सोय जुलै 2025मध्ये आली. पण एकच ट्रेड निवडून उलटत नाही, त्या काळातले सगळे उलटतात, आणि पुढचे 30 दिवस ट्रेड आणि मार्केट बंद राहतं. इतर गेमच्या वस्तूंना ही सोय गृहीत धरू नका.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. गिफ्ट कार्डाचा नंबर वापरला गेला की ती रक्कम परत मिळणं फार अवघड, पण यूपीआयने कुणाच्या खात्यात गेले असतील तर वेळेत अडवता येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ड, तोतयेगिरी करून फसवणूक, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. तक्रार लिहिताना हे कलम नमूद करा, 'गेमचं काहीतरी' म्हणून बाजूला पडत नाही.

आणि भाच्यावर ओरडू नका. हे मी मनापासून सांगतोय. ओरडा खाल्लेली मुलं पुढच्या वेळी दोन दिवस लपवतात, आणि तेवढ्यात त्या 7 दिवसांतले दोन गेलेले असतात.

एक राहिलं, आधी सांगायला हवं होतं: यात गार्ड काढून टाकू नका. फोनवरचं गार्ड नसेल तर ट्रेड 15 दिवसांपर्यंत अडकतात, आणि गार्ड पूर्ण बंद असेल तर नुसत्या पासवर्डवर अकाउंट उघडतं. 'आर'ने सुरू होणारा रिकव्हरी कोड (फोन हरवला तर लागणारा) आजच कागदावर उतरवून घ्या, फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका.