रात्री पाणी कमी येतं, मग सांडपाणी प्रकल्पातली मशीनं चालू कशाला?

तुम्ही विचारलंय की लहान शहराच्या सांडपाणी प्रकल्पात रात्रभर मशीनची घरघर चालू असते, पाणी तर तेव्हा जेमतेम येतं, मग ही वीज वाया नाही का, आणि एवढ्याशा शहराला किती मोठा प्रकल्प लागतो. पहिला प्रश्न वाचूनच डोकं फिरलं, कारण नेमका हाच प्रश्न आमच्या एका साहेबांना पडला होता आणि निस्तरायला आम्ही शिफ्टवाले होतो.

ती घरघर ब्लोअरची, म्हणजे टाकीत हवा फुंकणाऱ्या मशीनची. कचरा अडवणारी जाळी, वाळू बसवणारं ग्रिट चेंबर वगैरे सोडा, खरं काम एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडायच्या टाकीत, जिवाणू करतात आणि त्यांना रात्री खायला कमी मिळालं तरी ऑक्सिजन लागतोच, लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय त्याच हवेने गाळ, म्हणजे या जिवाणूंचाच लगदा, तरंगत राहतो, हवा बंद केली की सगळा तळाशी, थेट डिफ्युझरवर, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या तोंडांवर.

साहेब नवीन आलेले, बिल बघितलं. प्रकल्पाची निम्मी किंवा त्याहून जास्त वीज एरेशन खातं हे खरंच आहे, त्यामुळे तोंडी ऑर्डर सुटली, रात्री 11 ते पहाटे 5 ब्लोअर बंद. लेखी द्या म्हटलं तर "तुम्ही लोक बदलाला घाबरता". अहो, ही पद्धत आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी मँचेस्टरला 1914 साली मांडली, हवा द्या, गाळ बसू द्या, तोच गाळ परत टँकमध्ये घ्या, एवढंच, यात तुम्ही काय बदलणार?

सुरुवातीला काहीच झालं नाही, बाहेर पडणारं पाणी स्वच्छ, साहेब मीटिंगमध्ये बचतीचे आकडे सांगून मोकळे. मग सकाळी ब्लोअर सुरू केला की सडक्या अंड्याचा वास यायला लागला, तपकिरी गाळ काळपट पडत चालला. आमची रोजची साधी टेस्ट असते, टँकमधलं पाणी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये भरायचं आणि 30 मिनिटांनी गाळ कुठे बसलाय ते बघायचं. आमच्याकडे रेष 250-300 मिलिलिटरवर यायची, ती सरकत सरकत 800 ला गेली. अर्धा तास झाला तरी गाळ पिंजलेल्या कापसासारखा फुगलेला आणि वर जेमतेम चार बोटं निवळ पाणी. ऑक्सिजन सतत कमी पडला की तंतुमय जिवाणू माजतात, मग गाळ क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे पुढच्या निवळण टाकीत, बसायचं सोडून काठावरून नदीत जातो. त्यात लहान शहर सकाळी एकदम उठतं, लोंढा सरासरीच्या अडीच-तीन पट, तेव्हा तर विचारूच नका.

साहेब म्हणे क्लोरीन वाढवा. पाण्यात गाळ असेल तर क्लोरीन गाळच पितो, जंतू मजेत. शेवटी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना फेल गेला तेव्हा ब्लोअर गुपचूप चालू झाले, गाळ ताळ्यावर यायला कितीतरी आठवडे गेले आणि रिपोर्टमध्ये कारण काय, तर "हवामानातील बदल".

वीज वाचवायचीच तर डीओ सेन्सर (पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा) आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा, रात्री ब्लोअरचा वेग आपोआप उतरतो, बंद पडत नाही. हेच मी तेव्हा ओरडून सांगत होतो. ज्याने कधी तो सिलिंडर हातात धरला नाही त्याने बिल बघून प्रकल्प चालवू नये, स्पष्ट सांगतो. तुमच्याकडे कोणी रात्री बंद ठेवून बचत केली म्हणून मिरवत असेल तर त्याच्याकडे महिनाभराचे सिलिंडरचे आकडे मागा, बघा काय तोंड होतं ते.

क्षमतेचं म्हणाल तर पुरवलेल्या पाण्याच्या 80 टक्के सांडपाणी धरतात. 50 हजार वस्ती, माणशी 100 लिटर पाणीपुरवठा, म्हणजे दिवसाला 40 लाख लिटर, पुढची वाढ वेगळी.

हां, आणि एसबीआर प्रकल्प (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणं आणि गाळ बसवणं) असेल तर तिथे हवा ठरावीक वेळाने बंद करतातच, नायट्रोजन काढायलाही मुद्दाम तसं करतात, ते डिझाइनमध्येच असतं, तिथे माझं वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. आणि घरघरीऐवजी कर्कश आवाज येत असेल तर बेल्ट नाहीतर बेअरिंग गेलं असेल, त्याची तक्रार मात्र जरूर करा.