सब्स्टने बनवलेली ड्राईव्ह विंडोज रिस्टार्ट केल्यावर जाते, ती कायमची कशी ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की डी:\हिशोब या फोल्डरला सब्स्ट कमांडने एम: अक्षर दिलं, दिवसभर नीट चालतं आणि रिस्टार्ट केलं की एम: गायब. ते होणारच, सब्स्ट कुठे काही लिहून ठेवत नाही, ते तुमच्या चालू लॉगिनपुरतंच असतं.

बरेच जण सांगतील की बॅच फाईल (कमांड लिहिलेली फाईल) बनवून स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका, म्हणजे लॉगिन केलं की ती आपोआप चालते. चालतं, पण मी इथे इंदूरला सियागंजातल्या दुकानांचे पीसी बघतो, तिथे अजून जुनी हिशोबाची सॉफ्टवेअर आहेत ज्यांना डेटा ठराविक ड्राईव्हवरच लागतो आणि त्यातली काही तर रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केल्याशिवाय उघडतच नाहीत, मग होतं काय की एक्सप्लोररमध्ये एम: समोर दिसतेय आणि सॉफ्टवेअर म्हणतंय पाथ सापडत नाही, आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभं. व्हिस्टापासून ॲडमिन मोडचं सेशन वेगळं असतं, साध्या सेशनमधली सब्स्ट ड्राईव्ह त्याला दिसत नाही.

म्हणून माझं मत, सरळ रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे ठेवतं तिथे) टाका. आधी सब्स्ट एम: /डी करून जुनी काढा. मग रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचा विंडोजमधलाच प्रोग्रॅम) उघडून एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर, डॉस डिव्हायसेस इथपर्यंत जा. तिथे ऑक्स, नल, पाईप, पीआरएन अशी नावं आधीच दिसली तर जागा बरोबर आहे, त्यांना अजिबात हात लावू नका, आणि आधी ती डॉस डिव्हायसेस की (रजिस्ट्रीतला फोल्डर) एक्स्पोर्ट करून ठेवा. आता नवी स्ट्रिंग व्हॅल्यू, नाव एम: (कोलनसकट) आणि डेटा \??\डी:\हिशोब. सुरुवातीचं ते \??\ लागतंच, शेवटी बॅकस्लॅश नको, आणि फोल्डरच्या नावात स्पेस असली तरी इथे कोट्स द्यायचे नाहीत (कमांडमध्ये द्यावे लागतात, इथेच लोकं अडकतात). रिस्टार्ट करा. आता एम: त्या पीसीवरच्या प्रत्येक युजरला, ॲडमिन मोडला, सर्व्हिसेसना पण दिसेल. काढायची असेल तेव्हा फक्त तीच व्हॅल्यू डिलीट करून परत रिस्टार्ट.

अक्षर मात्र शेवटचं घ्या, एक्स: किंवा वाय:, पेनड्राईव्ह लावला की विंडोज पुढचं मोकळं अक्षर उचलतं. आणि फोल्डर दुसऱ्या पीसीवर शेअर केलेलं असेल तर यातलं काहीच करू नका, त्याला नेट यूज (शेअर फोल्डरला ड्राईव्हचं अक्षर देणारी कमांड) आणि तिला पर्सिस्टंट:यस जोडणं हाच रस्ता.