बेवारस कोणाला म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की गुड फ्रायडेच्या प्रवचनात फादर म्हणाले, 'आई होती म्हणून येशूचा देह बेवारस पडला नाही', आणि त्याच आठवड्यात बुडालेल्या जहाजावरच्या लेखात 'बेवारस खजिना' असं वाचलं. आई काय मुलाची वारस असते का? मग शब्द कुठे चुकला?

माझ्या मते फादरांचा बरोबर आहे, लेखातला चुकलाय.

वारस अरबी, त्याला पुढे फारसी 'बे' चिकटलाय. मिरास, मिरासदार हेसुद्धा त्याच अरबी धातूतले. अक्षरशः घेतलं तर बेवारस म्हणजे ज्याच्या मागे घेणारं कोणी नाही असा माणूस. पण आपण हा शब्द बॅगेला लावतो, मृतदेहाला लावतो, पोलीस ठाण्याच्या आवारात वेल चढलेल्या बाइकला लावतो, जिच्या नंबरप्लेटवरून मालकाचं नाव दोन मिनिटांत निघेल! म्हणजे वारसाहक्काचा अर्थ कधीच मागे पडला, आता अर्थ एवढाच की 'हे माझं' म्हणत पुढे येणारं कोणी नाही.

आता क्रूसाखाली बघा. योहानाच्या शुभवर्तमानात आई क्रूसाजवळ उभी आहे, आणि देह मागायला रोमन सुभेदार पिलाताकडे जातो तो अरिमथाईचा योसेफ. आईने देह मांडीवर घेतला हे बायबलमध्ये कुठेच नाही, ते परंपरेतून आलं, तिच्या सात दुःखांतलं सहावं दुःख. १५ सप्टेंबरला दुःखी मातेचा सण असतो तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र येतं. तिला मुलाकडून काही मिळायचं नव्हतं, वारस वगैरे ती नव्हतीच, पण 'हा माझा' म्हणायला ती तिथे होती आणि बेवारसच्या आजच्या अर्थाला तेवढं पुरतं.

खजिन्याचं उलटं. सगळ्यात गाजलेली केस घ्या, स्पेनचं जहाज 'नुएस्त्रा सेन्योरा दे लास मर्सेदेस'. नावाचा अर्थ साधारण 'दयेची माता' (हो, मर्सिडीज हे नाव मूळ येशूच्या आईच्याच, मरियेच्या, या बिरुदावरून आलेलं). ५ ऑक्टोबर १८०४ ला पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ इंग्रजांशी चकमकीत ते स्फोट होऊन बुडालं, अडीचशेच्या आसपास माणसं गेली. दिएगो दे आल्वेआर हा अधिकारी दुसऱ्या जहाजावर होता म्हणून वाचला, एक मुलगा त्याच्यासोबत होता, पण बायको आणि सात मुलं मर्सेदेसवर होती, ती गेली. २००७ मध्ये ओडिसी नावाच्या अमेरिकन कंपनीने तिथून सुमारे ५,९४,००० नाणी, म्हणजे १७ टन माल काढून फ्लोरिडाला नेला, म्हणणं काय तर सोडून दिलेला माल, सापडेल त्याचा. कोर्टात स्पेन उभं राहिलं, नाणी लिमात पाडलेली म्हणून पेरू आलं, आणि ज्या व्यापाऱ्यांचा माल जहाजावर होता त्यांचे वंशजही आले, म्हणजे खरेखुरे वारस! तरी कोर्ट म्हणालं हे स्पेनच्या नौदलाचं जहाज, त्यावर आमचा अधिकार चालत नाही, परत करा. २०१२ मध्ये नाणी विमानाने स्पेनला गेली. एवढे दावेदार असलेल्या मालाला बेवारस कसं म्हणणार?

मनुस्मृतीत यासाठी 'प्रणष्टस्वामिक' आहे, मालक हरवलेला माल, राजाने तीन वर्षं सांभाळायचा, तेवढ्यात मालक आला तर त्याचा, नाही तर राजाचा. अर्थाने चोख पण हेडलाइनमध्ये कोण लिहिणार. 'निखात निधी' सरकारी कायद्यातला, पण निखात म्हणजे पुरलेलं, समुद्राला चालत नाही.

मी 'बुडीत खजिना' लिहीन. बुडीत कर्ज म्हणतो ना आपण, पैसे हातातून गेलेले असतात पण ज्याचे होते तो हक्क सोडत नाही, आणि इथे तर जहाज खरंच बुडालंय.