'समुद्रात' एवढीच नोंद

नाशिक
सर्वपित्री अमावास्या

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर विचारलंस, "काका, आजीचा भाऊ पाणबुडीमुळेच गेला आणि मी पाणबुडीतच निघालोय. हे बरोबर आहे का?" मी तेव्हा विषय बदलला. घाईत काहीतरी बोलून मोकळं व्हायची ही गोष्ट नव्हती. आता लिहितो. विशाखापट्टणमची गाडी धरण्याआधी वाच.

काल चतुर्दशी होती, शस्त्राने गेलेल्यांची तिथी. मी रामकुंडावर गेलो होतो. तुझे बाबा मामांचं तर्पण करत होते आणि आजी पायरीवर तिळाचा डबा मांडीत घेऊन बसली होती. गुरुजींनी नामावळीची लांबट वही काढली. तिच्यात आजीच्या वडिलांच्या हातची 1972 सालची नोंद आहे. गाव, कूळ, मुलाचं नाव, आणि पुढे एकच शब्द, 'समुद्रात'. शेवटच्या 'त'वर शाई पसरली आहे, पेन तिथेच टेकून राहिलं असावं. अस्थी नव्हत्या. पळसाच्या पानांचा पुतळा करून सगळं उरकलं. तुझी पणजी त्या दिवशी घाटावर फिरकली नाही. पोराला डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणाली, आणि जाईपर्यंत मानलं नाही.

तुझ्या घरात 'बोट बुडाली' यापुढे कुणी बोलत नाही. तू आता नौदलातला आहेस, तुला नीट माहीत हवं. 9 डिसेंबर 1971 ची रात्र. दीवच्या समुद्रात एका पाकिस्तानी पाणबुडीचा सुगावा लागला होता आणि तिला शोधायला खुकरी आणि किरपाण या आपल्या फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, निघाल्या होत्या. म्हणजे तुझे मामाआजोबा पाणबुडीच्याच शोधात होते. मी सोनारवर, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावर, वर्षं काढली, म्हणून पुढची गोष्ट मला फार लागते. जहाज वेगात असलं की स्वतःच्याच आवाजाने बहिरं होतं. सोनारला लांबचं ऐकू यावं म्हणून त्या रात्री खुकरीने वेग कमी ठेवला होता, असं नौदलाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. ऐकण्यासाठी हळू झाली आणि त्यामुळेच नेमात आली. समोरची पाकिस्तानी पाणबुडी हँगोर फ्रेंच बनावटीची, अतिशय शांत चालणारी. रात्री पावणेनऊच्या सुमारास तिचा टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत खुकरी गेली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक. खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाज सोडलं नाही. 67 जण वाचले. तुमचा माणूस त्यांत नव्हता.

आता माझी एक गोष्ट. आजवर घरीसुद्धा सांगितलेली नाही.

मी पहिल्यांदा फॉक्सट्रॉट बोटीवर, म्हणजे रशियन बनावटीच्या पाणबुडीवर, गेलो तेव्हा तुझ्याच वयाचा होतो. विशाखापट्टणमच्या चॅनेलमधून बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, 1971 मध्ये बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी इथेच पडली आहे. मी पुढच्या टॉर्पेडो कंपार्टमेंटमध्ये मोठ्याने म्हणालो, "बरं झालं, मेले एकदाचे!" दोघंतिघं हसले. आमचे चीफ हसले नाहीत. 1967 साली सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात आपली पहिली पाणबुडी कलवरी ताब्यात घ्यायला गेलेल्यांपैकी ते एक. ते उठले, कंपार्टमेंटचा दिवा घालवला, अंधारात माझं मनगट धरून हात एका थंड लोखंडी चाकावर ठेवला आणि विचारलं, "हा कोणता व्हॉल्व्ह?" मला सांगता आलं नाही. दुसरा. तोही नाही. डिझेलच्या वासात मी घामाने भिजलो होतो. मग ते हळूच म्हणाले, "त्या 93 जणांचे हातसुद्धा शेवटी असेच चाचपडले असतील. त्यांना सगळे व्हॉल्व्ह पाठ होते. तुला एकही नाही. आधी शिक, मग बोल."

गाझी आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाला बुडवायला आली होती. विक्रांत तेव्हा अंदमानकडे होती. 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री बंदराच्या तोंडाशी गाझी फुटली. कशाने फुटली यावर दोन्ही देशांचं म्हणणं वेगळं आहे, त्यात मी शिरत नाही. आत 93 माणसं होती, एकही वाचला नाही. 2024 मध्ये आपल्या नौदलाच्या खोल पाण्यातल्या बचावयानाला ती तळाशी दिसली. गेलेल्यांचा मान म्हणून नौदलाने तिला हात लावला नाही. ती बातमी वाचली तेव्हा मनगटावरची चीफची पकड मला पुन्हा जाणवली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की तू जातोयस ते बरोबर आहे. हँगोरमध्ये माणसंच होती, गाझीमध्येही माणसंच होती, आणि त्यांतला प्रत्येक जण कुणाच्या तरी वहीत 'समुद्रात' म्हणूनच लिहिला गेला असणार. हे मनात धरून काम करणारा पाणबुडीवाला मला हवा आहे. युद्धात तू कच खाशील असं नाही, पण मेलेल्यावर हसणार नाहीस. मात्र हे आजीला पटवायला जाऊ नकोस. तिने भाऊ गमावलाय. तिने हँगोरला क्षमा करावी असं म्हणायचा अधिकार तुला नाही, मलाही नाही.

तारखेची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. कलवरी 8 डिसेंबरला नौदलात दाखल झाली, म्हणून तो आपला पाणबुडी दिन. त्या दिवशी तुमच्याकडे आनंद असेल, तू खुशाल त्यात राहा. पण दुसरा दिवस 9 डिसेंबर आहे. किनाऱ्यावर असलास तर सकाळी आजीला फोन कर. काही विशेष बोलू नकोस, जेवलीस का विचार. तिला कळेल.

आपण नाशिककर पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतो. कमरेला लागलं, छातीला लागलं, बुडाला. पाणी उतरलं की मारुती आहे तिथेच. समुद्रात असं काही नसतं. खुकरी गेली त्या जागेवरून मी गेलो आहे. 194 माणसं खाली आणि वर नुसतं सपाट पाणी. खूण करायची ती जमिनीवरच. दीवला टेकडीवर काचेत खुकरीची प्रतिकृती आहे, आणि त्याच नावाची पुढची खुकरी निवृत्त झाल्यावर 2022 मध्ये दीवलाच दिली. दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर हुतात्म्यांची नावं कोरली आहेत. मामाआजोबांचं नाव शोध, आजीला फोटो पाठव.

पण दगडावर नाव असतं, माणूस नसतो. तो स्टोकर होता, सिग्नलमन होता की स्वयंपाकी, हे तुझ्या बाबांना सांगता येत नाही. मी विचारलं. शिट्टी वाजवायचा का, सुट्टीवर आला की पहिलं काय खायचा, पोहायला गंगेवर शिकला की विहिरीत? हे आता फक्त आजीला ठाऊक आहे आणि तिचं वय तुला माहीत आहे. मरण कसं आलं ते चारचौघे सांगतील. तो जगत कसा होता ते तिच्याबरोबर जाईल.

तिच्या माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात त्याची इनलँड पत्रं आहेत, पत्ता 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. काल घाटावरून परतताना मी विचारलं, तर म्हणाली, "पोरगा जायच्या आधी उघडू. मला वाचवत नाही, त्याने वाचून दाखवावीत."

रविवारी नऊला तिच्याकडे ये, मीही येतो. येताना जाड पुठ्ठ्याची वही आण आणि चांगलं पेन. पत्रांच्या घड्या जुन्या आहेत, सावकाश उलगड.

तुझा,
काका