उत्तर: साखरेच्या कोर्स-ग्रेन्ड मॉडेलमध्ये बीड एकमेकांत का घुसतात

नमस्कार. आपल्या निपाणी-चिकोडीच्या उसाच्या पट्ट्यातलं कुणीतरी साखरेच्या रेणूवर काम करतंय, हे वाचून मनापासून आनंद झाला.

तुमची अडचण मला कळली ती अशी. पाण्यातल्या सुक्रोजचं (साखरेचं) कोर्स-ग्रेन्ड मॉडेल, म्हणजे सगळे अणू न धरता अणूंच्या गटाऐवजी एकच गोळा (बीड) धरायचा: सुक्रोजच्या ग्लुकोज भागाचा एक बीड, फ्रुक्टोज भागाचा एक, पाण्याच्या रेणूचा एक. ऑल-अ‍ॅटम सिम्युलेशनमधून (प्रत्येक अणू धरून केलेल्या) आरडीएफ, म्हणजे कोणत्या अंतरावर किती जोड्या सापडतात याचा आलेख, काढलात. त्याचा लॉगरिदम घेऊन पोटेन्शियल (अंतरानुसारची ऊर्जा) काढायचं, म्हणजेच बोल्ट्झमन इन्व्हर्शन करून, लॅम्प्स या सिम्युलेशन सॉफ्टवेअरसाठी अंतर, एनर्जी आणि फोर्स यांचं टेबल बनवलंत. आधी ‘अंतर टेबलच्या इनर कटऑफपेक्षा (टेबलातल्या सर्वांत लहान अंतरापेक्षा) कमी’ अशी एरर यायची. म्हणून टेबलाच्या सुरुवातीच्या दोन बिंदूंतून सरळ रेघ ओढून ते शून्याजवळ नेलंत. एरर थांबली, पण आता फ्रुक्टोजचे बीड एकमेकांत घुसून बसतात.

चूक त्या दोन बिंदूंत आहे. आरडीएफ शून्य असतो तिथे लॉगरिदम घेता येत नाही, म्हणून आतली भिंत, म्हणजे बीड फार जवळ आले की त्यांना ढकलणारा पोटेन्शियलचा चढ, आपल्यालाच उभारावी लागते. तुम्ही ती उभारलीत नेमक्या सर्वांत कमी नोंदी (तेवढ्या अंतरावर सापडलेल्या जोड्या) असलेल्या जागेवर.

हिशेब करून पाहा. एखाद्या बिनमध्ये (अंतराच्या छोट्या कप्प्यात) ४ नोंदी असतील तर त्यातली चूक वर्गमूळाइतकी, म्हणजे २, साधारण ५० टक्के. ३०० केल्व्हिनला केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) म्हणजे २.४९ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे पोटेन्शियलमधली चूक सुमारे १.२५. शेजारच्या बिनमध्येही तेवढीच धरली तर दोघांच्या फरकात १.७६ ची चूक येते. बिनची रुंदी ०.००२ नॅनोमीटर असेल तर उतारातली चूक जवळपास ८८० किलोज्यूल प्रति मोल प्रति नॅनोमीटर! खऱ्या भिंतीचा उतार याच पट्टीतला असतो. म्हणजे रेघ वर जाईल की खाली, हे नशिबावर. खाली गेली तर ढकलायच्या जागी ती बीडना आत ओढते. पाणी-पाणी जोड्या भरपूर असतात, म्हणून तिथे हे जाणवत नाही. फ्रुक्टोज-फ्रुक्टोज जोड्या मोजक्याच, म्हणून तिथे लगेच दिसतं.

त्या दोन बिंदूंतला उतार नशिबाने बरा आला तरी सरळ रेघ भिंतीला पुरत नाही. गोव्याहून चोर्ल्याने बेळगावला येताना केरीपर्यंत रस्ता बराचसा सपाट आहे. तिथवरचा चढ मोजून पुढे तशीच रेघ ओढली तर ती कणकुंबीला पोचणार नाही, डोंगराच्या पोटात शिरेल. तुमचे बीड तेच करताहेत.

आता काय करायचं. प्रत्येक बिनमधल्या कच्च्या नोंदी छापून घ्या. नॉर्मलाइझ केलेल्या आरडीएफवरून त्या कळत नाहीत. शंभरापेक्षा कमी नोंदींचे बिन सरळ टाकून द्या. शंभरला चूक १० टक्क्यांवर येते, तीही फ्रेम (सिम्युलेशनमधले साठवलेले क्षण) एकमेकींपासून पुरेशा लांब असतील तरच. उरलेल्यातला आरडीएफ साधारण ०.०५ असेल तिथे सांधा (भिंत जोडायचा बिंदू) धरा. तिथे पोटेन्शियल ३ केटीच्या आसपास असतं. सांध्याजवळच्या आठ-दहा बिंदूंवर गुळगुळीत वक्र बसवून किंमत आणि उतार घ्या, आणि आत जाताना चढत जाणारा एक्स्पोनेन्शियल त्या दोन्हींशी जुळवा. तो आत जाईल तसा अधिक तीव्र होतो, मध्येच खाली वळत नाही.

फोर्सचा कॉलम या तयार पोटेन्शियलवरूनच काढा. जुन्या टेबलातला फोर्स ठेवून फक्त एनर्जी बदलली तर दोन्ही जुळत नाहीत. लॅम्प्स तशी वॉर्निंग देतो आणि ती गांभीर्याने घ्यायची असते. एकक बदलताना एनर्जीला ४.१८४ ने भागायचं, पण किलोज्यूल-नॅनोमीटरमधल्या फोर्सला किलोकॅलरी-अँगस्ट्रॉममध्ये आणताना ४१.८४ ने. शेवटी पेअर-राइट कमांडने लॅम्प्स प्रत्यक्षात वापरतो ते टेबल काढून प्लॉट करा. मी स्वतः पीएचडीत असताना ही पायरी टाळली आणि दोन आठवडे थर्मोस्टॅटला (सिम्युलेशनचं तापमान राखणाऱ्या भागाला) दोष देत बसलो. दहा मिनिटांचं काम आहे, कृपा करून चुकवू नका.

एकाच रेणूतल्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बीडना जोडणाऱ्या बाँडचं टेबल वेगळं हाताळा. अंतराच्या वितरणाला आधी अंतराच्या वर्गाने भागा, मगच लॉगरिदम घ्या, आणि दोन्ही टोकांना पॅराबोला जोडा. ग्लुकोज-फ्रुक्टोज आरडीएफमधून एकाच रेणूतली जोडी वगळलीत ना, तेही बघा. नाहीतर बाँडचं शिखर नॉन-बाँडेड (बाँडने न जोडलेल्या बीडच्या) पोटेन्शियलमध्ये येतं आणि तीच गोष्ट दोनदा मोजली जाते.

पुढे इटरेटिव्ह बोल्ट्झमन इन्व्हर्शन (फेऱ्या करत पोटेन्शियल सुधारत नेणं) करणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. दर फेरीत जुन्या पोटेन्शियलमध्ये केटी गुणिले दोन आरडीएफच्या (मॉडेलचा आणि ऑल-अ‍ॅटमचा) गुणोत्तराचा लॉगरिदम मिळवला जातो. सांध्याच्या आत ती दुरुस्ती लावूच नका. दर फेरीला सांधा तोच ठेवून भिंत नव्याने जोडा, नाहीतर प्रत्येक फेरीचा गोंगाट भिंतीत साठत जातो.

फ्रुक्टोज-फ्रुक्टोजला शंभर नोंदींचे बिन सांध्यापर्यंत मिळालेच नाहीत, तर ऑल-अ‍ॅटम रन वाढवावा लागेल. चूक निम्मी करायला चौपट सॅम्पलिंग लागतं, म्हणून आधी बिन ०.००५ नॅनोमीटरचा करून पाहा. तो कच्च्या नोंदींचा प्लॉट इथे टाका, सांधा कुठे धरायचा ते मी बघून सांगतो.