जुना फ्लॅट घेतल्यावर मुख्य दरवाजाचे कुलूप बदलावे की फक्त चावी?

आपण लातूरमध्ये जो फ्लॅट विकत घेतला, तो आधी अनेक वर्षे शिकवणीसाठी आलेल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेला होता, आणि ताबा देताना मालकाने आपल्याला दोन चाव्या दिल्या. आता पूर्ण कुलूप बदलावे की त्याच कुलपाची चावी बदलून घेता येते, आणि मे महिन्यात घर बंद करून गावी जाताना आणखी कोणती काळजी घ्यावी, असे आपण विचारले आहे.

चावी बदलून घेता येते. बहुतेक घरांत पूर्ण कुलूप काढावे लागत नाही, आणि शक्य असेल तर हे काम सामान लावण्याच्या आधीच करावे. मात्र आपल्या मनात दोन वेगळ्या काळज्या एकत्र झाल्या आहेत असे मला वाटते. घराची चावी कोणाकोणाकडे आहे ही एक, आणि दरवाजा किती जोर सोसेल ही दुसरी. चावी बदलल्याने पहिली काळजी पूर्ण मिटते, दुसरी तसूभरही कमी होत नाही.

पहिलीचे महत्त्व मला स्वतःच्या घरात कळले. जालन्यात आम्ही जुने रो-हाउस घेतले तेव्हा आधीच्या मालकांनी तीन चाव्या दिल्या आणि एवढ्याच आहेत असे मनापासून सांगितले. चार महिन्यांनी एका दुपारी सासूबाई बाहेरच्या खोलीत एकट्या पडल्या असताना दरवाजा उघडून एक अनोळखी गृहस्थ आत आले. त्यांच्या हातात लग्नाची पत्रिका होती. ते आधीच्या मालकांचे पुतणे होते, कॉलेजला असताना याच घरी राहिले होते आणि तेव्हाची चावी त्यांच्या जुडग्यात तशीच होती. वीज गेल्यामुळे घंटा वाजली नाही, काका बाहेर गेले असतील असे समजून पत्रिका आत ठेवावी म्हणून त्यांनी कुलूप उघडले. सासूबाईंपेक्षा तेच अधिक घाबरले, पाया पडले, चावी टेबलावर ठेवून गेले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, आणि मालकही खोटे बोलले नव्हते. ती चौथी चावी ते खरोखरच विसरले होते. आपल्या फ्लॅटमध्ये दरवर्षी नवी मुले आली असणार, प्रत्येक गटाने सोयीसाठी एखादी चावी कोपऱ्यावरून करून घेतली असणार, त्यामुळे तिथली मोजणी आता कोणालाच सांगता येणार नाही.

चावी बदलणे म्हणजे नेमके काय, हे कळले की कारागिराशी बोलणे सोपे जाते. आजच्या घरांतल्या बहुतेक दरवाजांना पिनांचे सिलिंडर, म्हणजे कुलपातला चावी घालायचा नळकांड्यासारखा भाग, असते. सपाट, दातेरी चावीची ही रचना अमेरिकेतील धाकट्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात रूढ केली. सिलिंडरच्या आत एक फिरणारा गाभा असतो आणि त्यावर साधारणपणे पाच किंवा सहा छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रात खाली एक पिन, तिच्यावर दुसरी पिन आणि सर्वांत वर बारीक स्प्रिंग असते. चावी आत नसताना वरच्या पिना गाभा आणि बाहेरचे कवच या दोहोंत अडकून बसतात, म्हणून गाभा फिरत नाही. योग्य चावी घातली की तिच्या खाचा खालच्या पिनांना अशा उंचीवर उचलतात, की दोन पिनांमधला सांधा गाभ्याच्या कडेशी बरोबर जुळतो, आणि गाभा फिरतो. चावी बदलताना कारागीर गाभा बाहेर काढतो, खालच्या पिना काढून नव्या चावीच्या खाचांना जुळणाऱ्या लांबीच्या पिना बसवतो आणि गाभा परत घालतो. कुलूप तेच राहते, जुनी चावी निरुपयोगी होते.

इथे एक गोष्ट डोळ्यांसमोर करून घ्यावी. योग्य लांबीच्या पिना जवळ नसल्या तर काही कारागीर एकदोन छिद्रे रिकामीच ठेवतात. कुलूप व्यवस्थित चालते, म्हणून आपल्याला शंका येत नाही. परंतु प्रत्येक पिनेच्या सहा उंची धरल्या, तर पाच पिनांच्या कुलपाच्या हिशेबाने ७,७७६ वेगवेगळ्या चाव्या संभवतात, आणि तीनच पिना राहिल्या तर फक्त २१६. प्रत्यक्षात वापरात येणाऱ्या चाव्या याहून कमी असतात, तरी फरक केवढा पडतो ते यावरून दिसते. म्हणून पिना मोजून घ्याव्यात, आणि काम झाल्यावर जुनी चावी घालून ती फिरत नाही याची खात्री करावी.

आपल्याकडे पिनांचा संच बाळगणारा कारागीर सहज मिळतोच असे नाही, त्यामुळे हँडलच्या कुलपाला मी सिलिंडरच बदलण्याचा मार्ग सुचवीन. हे काम मी स्वतः केले आहे आणि त्याला अर्धा तासही लागला नाही. दरवाजा उघडा ठेवून त्याच्या कडेला, कुलपाच्या पट्टीवर, सिलिंडरच्या उंचीला असलेला लांब स्क्रू पूर्ण काढावा. मग चावी घालून अगदी थोडी फिरवावी; आतली जीभ सिलिंडरच्या अंगाशी समतल झाली की ते हाताने ओढून बाहेर येते. स्क्रूच्या छिद्राच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये वेगवेगळे मोजावे. आमचे ३० आणि ३०, म्हणजे ६० चे निघाले. शक्यतो जुने सिलिंडरच दुकानात घेऊन जावे, म्हणजे जास्त लांबीचे गळ्यात पडत नाही. हँडलच्या पट्टीबाहेर सिलिंडर दोनतीन मिलिमीटरपेक्षा अधिक आले, तर पकडीने धरून ते स्क्रूच्या छिद्रापाशी मोडता येते, कारण तिथेच त्याचे धातू सर्वांत कमी असते. आतल्या बाजूला चावीऐवजी हाताने फिरवण्याची खुंटी असलेले सिलिंडर घ्यावे असा माझा आग्रह आहे. रात्री गॅस गळला किंवा आग लागली, तर खिडक्यांना गज असलेल्या घरात अंधारात चावी शोधण्याची वेळ येऊ नये. सिलिंडरमध्ये खोबरेल किंवा शिलाई यंत्राचे तेल घालू नये. आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिकटा होतो आणि पिना अडकतात. पेन्सिलचे शिसे चावीवर घासून ती चारपाच वेळा आतबाहेर केली तरी पुरते.

नवी चावी हातात आल्यावर तिचे छायाचित्र कोणालाही पाठवू नका. गृहप्रवेशाच्या दिवशी चावी हातात धरून स्टेटस ठेवण्याची रीत आता घरोघरी आहे, आणि त्या आनंदात कोणाला धोका दिसत नाही. खाचांची खोली छायाचित्रावरून मोजता येते. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी लांबून घेतलेल्या छायाचित्रावरूनही चावी तयार करता येते हे दाखवून दिले आहे.

आता दुसरी काळजी. आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत घरफोडीची बातमी वाचली, तर तिच्यात ‘कडी-कोयंडा तोडून’ हे शब्द हमखास असतात. चोर सहसा कुलूप उघडत बसत नाही. कटावणी घालून कोयंडा उपटतो आणि सात लिव्हरचे भक्कम कुलूप उपटलेल्या कोयंड्याला तसेच लोंबकळत राहते. आपला कोयंडा एकदा जवळून पाहावा. तो बहुधा इंचभर लांबीच्या चार स्क्रूंवर असेल, आणि साध्या फ्लश डोअरमध्ये तेवढे स्क्रू फारसे काही धरत नाहीत. ते काढून आरपार बोल्ट टाकावेत, नटाची बाजू घराच्या आत ठेवावी. चौकटीकडच्या बाजूला तीन इंची स्क्रू वापरावेत आणि चौकट स्वतः भिंतीत होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत रोवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, घट्ट आहे का, हे खांद्याने रेटून बघावे. माझ्या माहेरी अंबाजोगाईला जुन्या वाड्यात मोठ्या दरवाजामागे लाकडी अडसर होता. तो भिंतीतल्या पोकळीतून सरकत येऊन समोरच्या भिंतीत शिरायचा. त्याला कुलूपही नव्हते आणि चावीही नव्हती, सगळा जोर ती दोन हात रुंद भिंत झेलत असे. आजच्या दरवाजाला तेवढी भिंत मिळत नाही, म्हणून बाहेर लोखंडी जाळीचा वेगळा दरवाजा असेल तर मला तो महागड्या कुलपापेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो.

गावी जाताना बाहेरच्या कोयंड्याला मोठे कुलूप लावण्याची आपली सवय असते. ते कुलूप जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला घरात कोणी नाही हे सांगते. सिलिंडरचे कुलूप दोन फेऱ्यांनी लावले, तर बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून कोयंडा मजबूत केला तरी फ्लॅटला मी आतलेच कुलूप मुख्य मानीन. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत, वर्तमानपत्र आणि दूध बंद करावे, शेजाऱ्यांना परतण्याची तारीख सांगावी. हे आपल्याला ठाऊकच असेल. एक चावी विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे द्यावी, पण तिच्यावर नाव किंवा फ्लॅटचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधू नये. परतल्यावर दरवाजा फोडलेला दिसला, तर आत पाऊल न टाकता आणि काहीही न हाताळता ११२ वर फोन करावा.

आणि गावच्या घराकडेही तितकेच लक्ष द्यावे. उन्हाळ्यात उकाड्यामुळे सगळे घर माळवदावर किंवा गच्चीवर झोपते, खालच्या खोल्यांना नुसती कडी असते, आणि नेमक्या त्याच रात्री चोर खालून शिरतात. आमच्याकडे आता वर जाण्याआधी पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना आतून कुलूप घालतात, जिन्याचे दार वरून लावून घेतात, आणि सगळ्या चाव्या सासूबाई उशाशी घेऊन झोपतात.